घरातल्या माणसाची जुनी कंबरदुखी: तुम्ही काय केलंत?

आईची कंबर दुखायला लागून सहा वर्षं झाली. आधी उसण भरली असं समजून बाम आणि शेकावर भागवलं. मग एमआरआय झाला आणि ‘एल-४ एल-५मध्ये (कमरेच्या खालच्या दोन मणक्यांमध्ये) गॅप आलाय’ हे वाक्य आमच्या घरी मुक्कामाला आलं. वाकायचं नाही, उचलायचं नाही, खाली बसायचं नाही. मी तिची सगळी कामं अंगावर घेतली, कणीक मळण्यापासून तुळशीला पाणी घालण्यापर्यंत. दोन वर्षांत आईला जिना चढवेना.

तेव्हा फिजिओथेरपीच्या बाईंनी मला एकटीला बाजूला घेऊन विचारलं, “तुम्ही यांना दिवसभरात काय काय करू देता?” मला उत्तर देता येईना. त्यांनीच समजावलं की वयानुसार मणक्यांमधली चकती झिजते, आणि ज्यांना काहीच दुखत नाही अशा पुष्कळांच्या एमआरआयमध्येही हे दिसतं. दुखणं तीन महिन्यांच्या वर गेलं की दर कळेमागे नवी इजा असतेच असं नाही. आता आई ओट्याशी उभी राहते तेव्हा एक पाय पाटावर ठेवते आणि थोड्या वेळानं बदलते. पोळ्या तीच लाटते, कणीक अजून मी मळते.

तुमच्या घरी काय झालं ते लिहा. काय चुकलं तेही लिहा. औषधांचे डोस मात्र नकोत.

सातारा, पत्नी

आमचे हे २२ वर्षं ट्रक चालवतात. घरी आले की चिडचिड, जेवणाच्या ताटावरून उठून जाणं. मी एकदा बोलून गेले, “दिवसभर बसूनच तर असता, कंबर कशानं दुखते?” त्यानंतर त्यांनी दुखण्याबद्दल बोलणंच सोडलं. रात्री कूस बदलताना दात आवळलेले ऐकू यायचे, पण विचारलं तर “काही नाही”. त्या एका वाक्याची मला अजून टोचणी आहे.

शेवटी मी माफी मागितली आणि दवाखान्यात सोबत गेले. तिथं त्यांना मागच्या खिशातलं जाडजूड पाकीट काढून ठेवायला सांगितलं, दर दीड-दोन तासांनी गाडी थांबवून पाच मिनिटं चालायला सांगितलं. उठायची रीतही शिकवली. आधी कुशीवर वळायचं, पाय खाटेखाली सोडायचे, मग हाताच्या रेट्यानं बसतं व्हायचं. मी आधी हात धरून ओढत उठवायचे, त्यानं कळ वाढायची. झोपताना दोन गुडघ्यांमध्ये उशी. रोज संध्याकाळी आम्ही दोघं स्टँडपर्यंत चालत जाऊन येतो. एवढी वर्षं संसार केला, पण इतकं बोलणं आत्ताच होतंय.

पुणे, थोरली बहीण

भाऊ २४ वर्षांचा. सकाळी तासभर अंग काठीसारखं ताठ, हिंडलं-फिरलं की मोकळं. आम्ही त्याला आळशी म्हणत राहिलो. एका दवाखान्यात ‘बसण्याची ढब सुधारा’ म्हणून परत पाठवलं आणि त्यात चार वर्षं गेली. संधिवाततज्ज्ञांकडे गेल्यावर अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसचं, म्हणजे मणक्याच्या संधिवाताचं, निदान झालं. तरुण वयात पहाटे दुखण्यानं जाग येत असेल, आणि पडून राहिल्यानं वाढून हालचालीनं कमी होत असेल, तर कृपा करून थांबू नका. औषधं चालू आहेत, तो रोज पोहतो.

नाशिक, सून

वर ‘हालचाल करू द्या’ लिहिलंय ते वाचून माझं लिहिणं भाग आहे. सासूबाई ७४ वर्षांच्या. न्हाणीघरात हलक्याशा घसरल्या, त्या दिवसापासून कंबर धरली. आम्ही जुनंच दुखणं समजून बळंच चालवलं. मणका दबून फ्रॅक्चर झाला होता. डेक्सा तपासणीत हाडं ठिसूळ निघाली. म्हाताऱ्या माणसाचं दुखणं अचानक वाढलं, तर आधी डॉक्टर, चालणं नंतर.

रत्नागिरी, मुलगा

आये ऐकायची नाही. भातलावणीला गेली नाही तर तिला ते आजारी पडल्यासारखं वाटतं. भांडून काही उपयोग झाला नाही. मग ठरवलं की वाकून लावणी करायची नाही, बसून तरवा (भाताची रोपं) काढायचा, आणि मध्ये मध्ये उठून बांधावरून फेरी मारायची. उठवायचं काम नातीकडे. नातीचं ती ऐकते.

पट्टा मात्र ती रात्रंदिवस बांधून असायची. जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३मध्ये जुन्या कंबरदुखीसाठी सूचना काढल्या, त्यांत कंबरपट्टा आणि वजन लावणं (ट्रॅक्शन) यांची नेहमीच्या उपचारांत शिफारस नाही. व्यायाम, दुखणं नीट समजावून सांगणं आणि मनाला उपचार यांवर भर आहे. आमच्या डॉक्टरांना विचारून पट्टा हळूहळू सोडवला. निर्गुडीच्या पाल्याचा शेक चालू आहे. त्यानं तिला झोप लागते, तर मी का अडवू?

नागपूर, मुलगी

बाबा मेडिकलमधून आणून रोज दुखण्याची गोळी घ्यायचे, आम्हाला पत्ताच नव्हता. रक्तातलं क्रिएटिनिन वाढल्यावर, म्हणजे मूत्रपिंडावर ताण आल्यावर, कळलं. घरातल्या गोळ्यांचा डबा एकदा बघा.

कोल्हापूर, परिचारिका

लघवी-शौचावरचा ताबा सुटला, बैठकीची जागा बधिर झाली किंवा पायातलं बळ गेलं, तर सकाळची वाट बघू नका. त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात न्या.

ठाणे, पती

बायकोचं दुखणं नऊ वर्षांचं. मला दुसरंच विचारायचंय. रात्री ती कण्हते, मला झोप नाही, सकाळी ऑफिस. थकलो म्हणायचीही लाज वाटते. तुम्ही कसं निभावता?

धागा सुरू करणारी

ठाण्याचे दादा, लाज वाटून घेऊ नका. मी सहा महिन्यांपूर्वी भावाला स्पष्ट सांगितलं की शनिवार-रविवार आई तुझ्याकडे. पहिल्या रविवारी मी नुसती झोपले. आईनं संध्याकाळी फोन केला, “जेवलीस का?” तिकडे तिनं स्वतः भाजी निवडली होती, खुर्चीवर बसून, मेथीच्या दोन जुड्या.