मिळतं मित्राकडूनच

वर कुणीतरी विचारलंय, २०१९ पासून ई-सिगारेटच्या, म्हणजे व्हेपच्या, विक्रीवर बंदी आहे, मग पोरांना व्हेप मिळतं कुठून? अहो, दुकानात जावंच लागत नाही! माझा भाचा पुण्यात होस्टेलला आहे. त्याच्या मजल्यावर एकाकडे पेनड्राइव्हएवढं यंत्र होतं, ते रात्री गच्चीवर हातोहात फिरायचं. "एकच कश, आंब्याचा फ्लेवर आहे" म्हटल्यावर नको म्हणणारा लगेच 'संत महाराज' ठरतो. सिगारेटसाठी निदान टपरीवर उभं राहावं लागतं, कपड्यांना वास येतो, घरी कळतं. इथे वासच गोड! त्यात निकोटिन असतं हेही निम्म्यांच्या गावी नसतं. भाचा म्हणाला, "मामा, तो यंत्रवाला सुट्टीला घरी गेला, तेव्हा मला कळलं की मला ते लागतंय."