शब्दचर्चा : जमिनीतून वर येणाऱ्या पाण्याला काय म्हणायचं?

डेल्फ्टची विद्यार्थिनी :
नेदरलँड्समध्ये डेल्फ्टला पर्यावरणीय जलविज्ञानाचं एक सत्र शिकायला आले आहे. शिकलेलं मराठीत लिहून मी गावाकडे पाणलोटाचं काम करणाऱ्या मित्रांना पाठवते. पण 'क्वेल' या डच शब्दापाशी अडले आहे.

इथल्या बऱ्याच जमिनी समुद्रपातळीच्या खाली आहेत. भोवती बांध घालायचा, आतलं पाणी उपसायचं आणि जमीन कोरडी ठेवायची. त्या जमिनीला पोल्डर म्हणतात. पोल्डरच्या चिकणमातीखाली वाळूचा थर असतो. त्या थरातल्या भूजलाचा दाब पोल्डरमधल्या पाण्यापेक्षा जास्त असला, की पाणी मातीतून वर येतं. पाऊस नसला तरी येतच राहतं. ते क्वेल. मी 'पाझर' लिहिलं, तर मित्राने विचारलं, 'कुठल्या तलावाचा?' दुसरा शब्द आहे का?

मुरूम :
भूजलाच्या कामात बरीच वर्षं काढली, म्हणून लिहितो. मित्राचं बरोबर आहे. आपल्याकडे 'पाझर' म्हटलं की पाझर तलाव डोळ्यांसमोर येतो, म्हणजे साठलेलं पाणी खाली आणि बाजूला जाणं. शिवाय पाझरणारं पाणी कुठल्या दिशेला जातं, ते या शब्दात ठरलेलं नाही. डोंगरही पाझरतो, मडकंही पाझरतं.

पाण्याच्या चालीचे आपले शब्द बारकाईने वापरावेत असं मला कळकळीने वाटतं. पृष्ठभागावरून मातीत शिरतं ते जिरणं. 'पाणी अडवा, पाणी जिरवा' हे त्यामुळेच चपखल बसलं. आत शिरून थरात सामावतं ते मुरणं. फटींतून, कणाकणांतून हळूहळू वाट काढतं ते झिरपणं. आणि खालून वर येतं ते उपळणं. तुमच्या क्वेलला मी 'उपळ' म्हणेन.

खारेपाट :
उपळ शब्दाला माझंही मत. कोकणात भर पावसाळ्यात डोंगरउताराच्या पायथ्याला पाणी जमिनीतून वर येतं, त्या जमिनीला उपळट म्हणतात. मात्र आमचं उपळणं पावसाळी आहे. बारमाही उपळीला तोच शब्द चालेल का?

मुरूम :
चालेल, कारण मागचं कारण एकच आहे. कोकणात वरच्या उताराला भरलेल्या पाण्याचा दाब पायथ्याला बाहेर पडतो. पोल्डरमध्ये माणसाने आतली पातळी खाली नेली, म्हणून आसपासच्या उंच पाण्याचा दाब बारा महिने लागून राहतो. गरज वाटली तर 'बारमाही उपळ' लिहा. 'चिबड' (पाणी साचून कायम ओलसर राहणारी जमीन) मात्र वापरू नका. तो जमिनीचा प्रकार झाला, पाण्याची चाल नव्हे. सांगलीकडच्या उसाच्या पट्ट्यातल्या क्षारपड जमिनीशीही गल्लत नको. तिथे अति पाण्याने भूजलपातळी वर येते आणि केशाकर्षणाने (मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी वर चढून) क्षार पृष्ठभागावर येतात. ती क्रिया वेगळी.

डेल्फ्टची विद्यार्थिनी :
क्षारांवरून आठवलं, इथे 'खारट क्वेल'ही आहे. हार्लेमरमेर हे मोठं तळं वाफेच्या पंपांनी उपसून 1852 मध्ये कोरडं केलं. आज स्खिपोल विमानतळ त्याच जमिनीवर आहे. इतक्या खोल पोल्डरमध्ये खालचं जुनं मचूळ पाणी वर येतं, म्हणून उन्हाळ्यात नदीचं गोडं पाणी आत सोडून चर धुऊन काढतात. 'खारी उपळ' लिहिलं तर कळेल ना?

खारेपाट :
लगेच कळेल. आमच्याकडेही पहिल्या पावसांनी खार धुतला गेला की मग भात. पण पोल्डरला 'खारजमीन' म्हणायचा मोह होईल, तो टाळा. आमच्या बांधाला उघाडी असते. ओहोटीला आतलं पाणी बाहेर जातं, भरतीला दार बंद. म्हणजे निचरा ओहोटीच्या जोरावर, पंप नाही. उधाणात बांधाला खांड पडली की शेत खारं झालंच.

सासष्टीकर :
गोव्यात खाजनाचं, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीचं, हेच तंत्र. तिथे त्या दाराला मानस म्हणतात. भरतीचं पाणी बाहेरून दाबून दार लावतं, ओहोटीला आतलं पाणी ते उघडतं. मानसीजवळच्या सखल पाण्याला पोंय म्हणतात. डच लोकांचं पाणी साठवायचं मधलं जाळं असतं ना, त्याला पोंय म्हणता येईल?

डेल्फ्टची विद्यार्थिनी :
ते 'बूझेम'. पण ते पोल्डरपेक्षा उंचावर असतं. पाणी आधी पोल्डरमधून उपसून बूझेममध्ये चढवतात, तिथून नदीत किंवा समुद्रात. पोंय खाजनात सगळ्यांत खाली, म्हणून तो शब्द उलटा पडेल.

उघाडीबद्दल वाचून मात्र फार आनंद झाला, कारण इथेही सुरुवात तशीच होती. ओहोटीला दारं उघडून निचरा व्हायचा. पीटची (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थराची) दलदल निचरली तशी ती खचत गेली, जमीन खाली बसली आणि ओहोटीचा निचरा पुरेना. मग 15 व्या शतकापासून उपशासाठी पवनचक्क्या आल्या. किंडरडाइक गावच्या 19 पवनचक्क्या त्याच कामाच्या, बहुतेक 18 व्या शतकातल्या. पीट अजूनही खचतंय. शेतकऱ्याला पाण्याची पातळी खाली हवी, पाणथळ जागा जपणाऱ्यांना वर. हा वाद मिटवायला जलमंडळ (पाण्याचा कारभार पाहणारी स्थानिक संस्था) पातळीचा रीतसर निर्णय काढतं.

मुरूम :
जलमंडळ हा शब्द बरा. त्या निर्णयाला सरळ 'पातळी-ठराव' म्हणा, ग्रामपंचायतीचा ठराव सगळ्यांना माहीत असतो. पंपघराला 'उपसा केंद्र'. आपल्याकडे उपसा म्हणजे शेताला पाणी चढवणं, तिकडे शेतातून काढणं, पण उपसणं दोन्हीकडे तेच. बूझेमला 'चढता साठा' सुचवतो, ठाम नाही.

डेल्फ्टची विद्यार्थिनी :
साठा म्हटलं की धरण वाटतं, आणि बूझेम बहुतेक कालवेच असतात. त्यामुळे तूर्त बूझेमच ठेवते. पाण्याच्या ताळेबंदात आवकेला पाऊस, उपळ आणि बाहेरून सोडलेलं गोडं पाणी, जावकेला बाष्पोत्सर्जन (जमिनीतून आणि पिकांतून वाफ होऊन जाणारं पाणी), झिरप आणि उपसा, असे रकाने लिहून मित्रांना पाठवलेत. उपळ दिवसाला किती मिलीमीटर येते, तेही त्याच रकान्यात मांडणार आहे.