रणगाड्याचं मॉडेल करताय? किटच्या आधी पुस्तक घ्या

यळ्ळूरकर

परवा रविवारी बेळगावात टिळकवाडीत एका मित्राच्या घरी आम्ही सगळ्यांनी आपापली मॉडेलं टेबलावर मांडली होती. त्यात खानापूरकडच्या एका कॉलेजच्या मुलाचा १/३५ चा, म्हणजे खऱ्याहून पस्तीसपट लहान, पॅटन होता, पाकिस्तानकडचा अमेरिकन रणगाडा. खाली पाटी, 'खेमकरण, सप्टेंबर १९६५'. हात इतका सफाईदार की कुठं जोड दिसत नव्हता, डीकलची (चिकटवायच्या खुणेची) कड दिसत नव्हती. पण चाकांना आणि ट्रॅकना त्यानं लावलेली माती लालभडक होती, आपल्या खानापूर रस्त्याच्या कडेला असते तशी, आणि तीही कोरडी ठणठणीत.

खेमकरण पंजाबात आहे. तिथली माती गाळाची, करडी. शिवाय खेमकरणजवळच्या असल उत्तरच्या लढाईत आपल्या लोकांनी कालव्याचं पाणी शेतांत सोडलं होतं आणि पाकिस्तानचे पॅटन त्या चिखलात रुतले होते. म्हणजे खालची चाकं ओली हवीत, ट्रॅकच्या कड्यांत चिखल दाबून भरलेला हवा, आणि वर टरेटवर, म्हणजे तोफेच्या फिरत्या बुरुजावर, मात्र नुसती धूळ. आणखी एक हिशेब : १/३५ मध्ये एक मिलिमीटर जाडीचा थर म्हणजे खऱ्या गाडीवर साडेतीन सेंटिमीटर. धूळ म्हणून एवढा थर लावला तर ती धूळ राहत नाही, गिलावा होतो.

त्या मुलाचा दोष काडीचाही नाही. त्याला हे कुणी सांगितलंच नाही. बॉक्समधल्या कागदावर अमेरिकन गाडीचे रंग आणि खुणा होत्या, खेमकरणचं नावही नव्हतं. म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे. ज्याला आपल्या लढायांतल्या गाड्या करायच्यात त्यानं पहिले पैसे किटवर घालू नयेत. आधी त्या गाडीवरचं एक चांगलं फोटोंचं पुस्तक घ्यावं, महिनाभर उलटसुलट चाळावं, मग किट मागवावा. किट एकदा जोडला की संपला. पुस्तक पुढच्या दहा मॉडेलांना पुरतं.

निपाणीकर

दादा, तुमच्याबद्दल आदर आहे, पण हे पटलं नाही. तुम्ही सांगताय त्या वाटेनं गेलं तर आपल्या भागात नवीन पोरगं या छंदात टिकायचंच नाही.

दिवाळीत आपल्याकडे गल्लोगल्ली किल्ले करतात. पोरं आधी पुस्तक वाचून मग चिखलात हात घालतात का? पहिल्या वर्षी प्रतापगडाचा बुरूज भलत्याच बाजूला येतो. मग एखादा आजोबा सांगतो, पुढच्या वर्षी पोरगं स्वतःहून नकाशा शोधतं. हात मातीत गेल्यावर प्रश्न पडतात आणि प्रश्न पडल्यावर पुस्तक लागतं. तुम्ही उलटी गंगा वाहवताय.

दुसरं म्हणजे पुस्तक काही वेदवाक्य नव्हे. ऑस्प्रे प्रकाशनाच्या त्या पातळ, ४८ पानी पुस्तकांतली रंगीत पानं चित्रकारानं काढलेली असतात. मूळ फोटो बहुतेक वेळा कृष्णधवल. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर लाल रंग जवळजवळ काळा यायचा आणि निळा फिकट. तेव्हा कृष्णधवल फोटो बघून हिरव्याची नेमकी छटा कोण कशाच्या जोरावर सांगणार? आणि ज्या मापाला आपण एवढं पूजतो ते १/३५ तरी कुठून आलं? १९६१ साली टामिया या जपानी किट कंपनीनं मोटरवर चालणारा पँथर रणगाडा काढला. आत बॅटऱ्या बसायला हव्या होत्या, म्हणून गाडी तेवढी मोठी केली. पुढं सगळ्या जगानं तेच माप धरलं.

पोराला आधी एक स्वस्तातला १/७२ चा टी-५५, म्हणजे रशियन रणगाडा, द्या. हाताच्या पंजावर मावतो, दोन-तीन संध्याकाळांत उभा राहतो. निपर (भाग कापायची पक्कड) कसा धरायचा, सिमेंट (प्लास्टिक चिकटवायचा डिंक) किती लावायचं, प्रायमर का मारायचा हे त्यातूनच कळतं. पुस्तकातून हात बसत नाही.

यळ्ळूरकर

रंगीत पानांबद्दल तुमचं बरोबर आहे, मीही चित्रांवर विसंबत नाही. म्हणून तर फोटोंचं पुस्तक म्हटलं. पण टी-५५ चंच उदाहरण घेऊ या. त्याच्या आधीच्या टी-५४ च्या टरेटवर हवा खेळण्यासाठीची गोल घुमटी असते, टी-५५ वर ती नसते. लोंगेवालात पाकिस्ताननं आणलेले चिनी टी-५९ हे टी-५४ च्या वळणाचे, म्हणजे घुमटीसकट. पहिल्या आणि दुसऱ्या चाकामधलं जास्तीचं अंतर तिघांतही सारखंच. नुसता किट जोडणारा पोरगा टी-५५ वर पाकिस्तानी खुणा चिकटवून खाली 'लोंगेवाला, डिसेंबर १९७१' लिहून मोकळा होतो. ते बघायला येणारे शंभरजण तेच खरं धरून घरी जातात. मला त्याचं वाईट वाटतं.

वडगावची वाचक

मी मॉडेल करत नाही, माझा भाऊ करतो, त्यामुळे घरात दोन्हींचा पसारा आहे. यळ्ळूरकर, तुम्ही 'पुस्तक घ्या' म्हणता ते कोणत्या भाषेतलं? भावाकडं आहेत ती सगळी इंग्रजी, आणि निम्म्याहून जास्त जर्मन टायगर-पँथरवरची. मराठी शाळेतनं आलेल्या पोरानं ती कशी वाचायची? फोटो बघेल, पण फोटोखालची ओळच तर महत्त्वाची असते ना : कुठली रेजिमेंट, कुठलं साल, कुठलं ठिकाण.

प्रत्येकानं आपलं आपलं विकत घ्या हे आपल्याकडच्या घरांना झेपणारं नाही. पाच-सहाजणांनी मिळून एक घ्यावं, ज्याला इंग्रजी जमतं त्यानं फोटोखालच्या ओळी मराठीत वहीत उतरवाव्यात. गावात वाचनालयं आहेत, तिथं मागणी नोंदवावी. चार वाचकांनी लेखी मागितलं तर निदान विचार तरी होतो.

आणखी एक बोलते, थोडं विषय सोडून वाटेल. बेळगाव हे मराठा लाइट इन्फंट्रीचं गाव. आपल्या तालुक्यांतनं गेलेली माणसं बहुतेक पायदळातली. व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव, दोघेही मराठ्यांच्या पलटणीतले, दोघेही इटलीच्या आघाडीवर लढलेले. पण तुमच्या टेबलावर सगळी लोखंडी धुडं आणि माणूस मात्र एकसुद्धा नाही. ज्या गावात कॅम्पातनं रोज जवान पळताना दिसतात तिथं हे मला खटकतं.

हिंडलगेकर

पोरींनो-पोरांनो, मी सैन्यातनं निवृत्त झालेला माणूस, पायदळातला. ताईचं शेवटचं बोलणं काळजाला लागलं, म्हणून लिहितो.

सगळेजण पॅटन करता. तो फोडणारी जीप कोण करतो? कंपनी क्वार्टर मास्टर हवालदार अब्दुल हमीद, ४ ग्रेनेडियर्स. जीपवर १०६ मिलिमीटरची रिकॉइललेस, म्हणजे मागं धक्का न देणारी, गन. त्या गनच्या नळीवर एक बारीक रायफल बसवलेली असते, आधी तिची गोळी मारून नेम पक्का करायचा आणि मग मोठा गोळा सोडायचा. मॉडेलमध्ये ती रायफल हमखास राहून जाते नाहीतर वाकडी बसते. आणि गोळा सुटला की मागनं आगीचा लोट निघतो, धुरळा उठतो, शत्रूला जागा कळते. म्हणून एक गोळा मारला की जीप तिथनं हलवायची. तेव्हा जीप दाखवायची तर मागची माती उडालेली, गवत होरपळलेलं दाखवा. पुढचा बोनेट स्वच्छ आणि मागं काहीच नाही, असं ठेवलं की बघणाऱ्याला त्या माणसानं काय जोखीम घेतली ते कळत नाही. १० सप्टेंबर १९६५ ला असल उत्तरला तो अशाच एका रणगाड्यासमोर पडला. परमवीर चक्र मरणोत्तर.

पुस्तक की किट यावर मी म्हणतो, आधी नगरला जा, आता अहिल्यानगर. तिथलं रणगाडा संग्रहालय १९९४ पासून आहे. सेंच्युरियन रणगाड्याच्या टरेटवर हात ठेवा. ओतीव पोलाद कसं खडबडीत असतं ते हाताला कळतं, प्लास्टिकवर ते गुळगुळीतच येतं आणि तुम्ही तसंच रंगवता. १९७१ ला परमवीर चक्र मिळवलेल्या अरुण खेत्रपालांचा रणगाडा 'फामागुस्ता'ही नगरच्याच आर्मर्ड कोअरच्या केंद्रात जपलाय. आणि गावोगावी आमच्यासारखे पेन्शनर आहेत, आपल्याकडंच काय, पलीकडं गडहिंग्लज, चंदगडपर्यंत. येऊन विचारा. जाळी कुठं बांधायची, पाण्याचा कॅन कुठं अडकवायचा, डबा-मग कुठं लोंबायचा, हे आम्ही सांगू.

चंदगडकर

काका, नमस्कार. जीपचं तुम्ही सांगितलंत ते मी उतरवून ठेवलं. पण आठवणीवरच सगळं सोडायला माझा विरोध आहे, आणि तो तुमच्या मानासाठीच आहे.

आमच्या पाहुण्यांत टी-५५ वर नोकरी केलेले एकजण आहेत. त्यांना विचारलं तर ते १०५ मिलिमीटरच्या तोफेचा टी-५५ सांगतात, कारण त्यांनी तोच चालवला. तो पुढं बदललेला. १९७१ ला आपला टी-५५ लढला तो मूळच्या १०० मिलिमीटरच्या तोफेवर. त्यांची आठवण खोटी नाही, ती वेगळ्या सालाची आहे. म्हणून साल घातलेला फोटो लागतोच. या मुद्द्यावर मी यळ्ळूरकरांच्या बाजूचा.

मात्र 'आधी पुस्तक, मग किट' एवढं कडक नको. एम-४७ आणि एम-४८ या दोन पॅटनमधला फरक मला किट हातात घेतल्यावरच कळला. एम-४७ ला पुढं हलमध्ये (टरेटखालच्या धडात) मशीनगन असते आणि टरेट लांबट, मागं निमुळता. एम-४८ ला ती मशीनगन नाही, टरेट कासवासारखा गोल आणि हल होडीसारखी. पुस्तकात हे वाचलं होतं, पण स्प्रूवरनं (भाग धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या चौकटीवरनं) दोन्ही टरेट कापून शेजारी ठेवले तेव्हा डोळ्यांत बसलं.

निपाणीकर

चंदगडकर, हेच तर मी म्हणतोय की ओ!

काका, तुमच्याकडं आमच्या निपाणीची तीन-चार पोरं घेऊन येतो. त्यांना जीप करायचीच आहे. पण दादांना परत सांगतो, या पोरांना मी आधी वाचायला लावणार नाही. जीप जोडतील, चुकतील, तुमच्यासमोर ठेवतील, मग तुम्ही बोला.

यळ्ळूरकर

काकांकडं मीही येईन. माझं मत मात्र बदललेलं नाही. पहिला १/७२ चा किट हात बसवायला कुणीही, काहीही न वाचता करावा, त्याला माझी हरकत कधीच नव्हती. ज्या मॉडेलच्या पाटीवर लढाईचं नाव आणि तारीख येते तिथून माझी अट सुरू होते. तिथं रेजिमेंटचं नाव येतं, मेलेल्या माणसांचा संबंध येतो. १९६५ ला फिलोराला सेंच्युरियन घेऊन लढलेले आणि पाचच दिवसांनी धारातीर्थी पडलेले लेफ्टनंट कर्नल तारापोर असोत की खेमकरणचे हमीद, त्यांच्या नावाची पाटी लावायची तर गाडी त्यांच्या सालाची हवी.

पुढच्या वेळी टेबलावर प्रत्येकानं मॉडेलसोबत एक कागद ठेवावा असं मी सुचवतो. त्यावर साल, ठिकाण, रेजिमेंट आणि कोणता फोटो बघून केलं ते लिहायचं, किंवा कोणाकडनं ऐकलं ते. मराठीत. वडगावच्या ताईंनी फोटोखालच्या ओळींचं काम हाती घेतलं तर माझ्याकडची सेंच्युरियन आणि एएमएक्स-१३ रणगाड्यांची दोन्ही पुस्तकं त्यांच्याकडं पोचवतो.

वडगावची वाचक

पोचवा. पण एक अट माझीही. त्या टेबलावर एक कोपरा पायदळाचा. १/३५ मध्ये मराठा लाइट इन्फंट्रीचा जवान तयार बॉक्समधून मिळणार नाही हे भाऊ सांगतोय, तो ब्रिटिश पायदळाच्या आकृत्या घेऊन डोकी आणि टोप्या पुटीनं बदलणार आहे. इटलीतला, १९४४-४५ चा. गणवेशाचं काका बघतील का?

हिंडलगेकर

बघतो. पण बाळ, माझा गणवेश वेगळ्या काळातला, इटलीतल्या माणसांचा मी पाहिलेला नाही. पलटणीच्या संग्रहालयात जुने फोटो आहेत. ते बघायची परवानगी कशी मिळते ते मी विचारून ठेवतो, मग भावाला घेऊन ये. पुटी लावायच्या आधी ये.