सिएम रीपचा अप्सरा डान्स शो आणि बुफे डिनर : आई-बाबा शाकाहारी, लेक भरतनाट्यमवाली, जावं का?

सांजवात

नमस्कार मंडळी, डिसेंबरमध्ये आम्ही सगळे कंबोडियाला निघालोय, मी, नवरा, लेक आणि माझे आई-बाबा. मुक्काम सिएम रीपलाच जास्त, कारण बाबांना तिथलं अंगकोर वाट हे प्राचीन देऊळ निवांत बघायचंय, कित्येक वर्षं त्याबद्दल वाचतायत ते. तर टूरवाल्याने एका संध्याकाळी 'अप्सरा डान्स विथ बुफे डिनर' टाकलंय आणि म्हणतोय नको असेल तर आत्ताच सांगा, तेवढे पैसे कमी करतो. ठेवावं की काढावं कळत नाहीये. लेक अकरा वर्षांची आहे, भरतनाट्यम शिकते, तिला नाच बघायचाच आहे, पण दिवसभर देवळं फिरून परत रात्री बसणं आई-बाबांना झेपेल का, आणि दोघंही पक्के शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. बुफेत त्यांच्यासाठी काय असतं? आणि नाच खरंच बघण्यासारखा असतो की टुरिस्ट लोकांसाठी उरकलेला प्रोग्राम? ज्यांनी बघितलाय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

कोकणकडा

ठेवा, काढू नका. आधी जेवणाचं सांगतो कारण आई-बाबांची काळजी तीच आहे. हे बुफेवाले हॉल मोठे असतात, स्टेजसमोर लांब टेबलं, जेवण साधारण सहा-साडेसहाला सुरू होतं आणि नाच साडेसातच्या आसपास, तासभर चालतो. म्हणजे साडेआठ-पावणेनऊला तुम्ही हॉटेलवर, दुपारी दोन तास झोप काढली तर आई-बाबांना काहीच त्रास नाही. आमच्या आईचे गुडघे दुखतात तरी ती आरामात बसली होती, उलट दिवसभरात तेवढाच काय तो एसीतला निवांतपणा.

शाकाहाराचं मात्र नीट ऐका. तिकडे भाजी म्हणजे शाकाहारी असं अजिबात धरून चालू नका. हिरवी परतलेली पालेभाजी दिसेल, ट्राकुओन म्हणतात, नाल्याकाठी उगवते ती, दिसायला एकदम आपल्यासारखी, पण त्यात फिश सॉस नाहीतर ऑयस्टर सॉस असतोच असतो. सूप बहुतेक चिकनच्या नाहीतर हाडांच्या पाण्यात केलेलं. चटणीसारखं करड्या रंगाचं काही वाटीत दिसलं तर ते प्राहोक असणार, मासा आंबवून केलेलं, त्यांच्या जेवणाचा तो पायाच आहे, खाणाऱ्यांनी जरूर चाखा पण आई-बाबांच्या ताटापासून लांब ठेवा. आमोक म्हणून जो फेमस पदार्थ आहे तो नारळाच्या दुधातला वाफवलेला मासा, केळीच्या पानाच्या द्रोणात देतात, गवती चहा, हळद आणि गलांगल (आल्यासारखं एक मूळ) वाटून लावलेलं असतं, आम्हा मासे खाणाऱ्यांना तर तो इतका आवडला की दुसरं काही घेतलंच नाही.

मग शाकाहारी माणसाने काय खायचं, तर साधा भात, उकडलेला मका-रताळं असेल तर ते, कच्च्या भाज्या आणि फळं भरपूर, अननस आंबा ड्रॅगनफ्रूट केळी. गोडात भोपळ्यात भरून वाफवलेलं कस्टर्ड असतं, त्यात अंडं असतं, ते आईंना देऊ नका. नारळाच्या दुधातला चिकट भात मात्र बिनधास्त चालेल. नूडल्सचा लाइव्ह काउंटर असेल तर तिथल्या पोराला समोर उभं राहून सांगायचं, 'ओत साच, ओत त्रेय, ओत तुक त्रेय', म्हणजे मांस नको, मासा नको, फिश सॉस नको. सॉसच्या बाटल्या बाजूला सारून तुमच्या डोळ्यांदेखत मीठ-मिरपूड घालून परतून देतात. आणि तिकडची मिरपूड जबरदस्त असते, कांपोत भागातली, थोडी घरी घेऊन या. पिशवीत मेतकूट आणि लसणाची चटणी असू द्या, गरम भातावर टाकलं की आई-बाबांचं पोट भरलं.

अजून एक, डिसेंबर म्हणजे तिथला फुल सीझन, गर्दी तुफान. टूरवाल्याला सांगा टेबल पुढचं पाहिजे, आणि लेखी घ्या.

रानवाटा

मी जरा उलटं सांगणार आहे, राग मानू नका. आम्ही अशाच एका मोठ्या हॉलमध्ये गेलो होतो, बसच्या बस भरून माणसं, आमचं टेबल पार मागे. स्टेजवर नाच चालू आणि खाली लोक ताटं घेऊन फिरतायत, चमच्यांचा आवाज, कोणी व्हिडिओ कॉल लावून घरच्यांना दाखवतोय. संगीत रेकॉर्डेड. नाच संपला की लोक फोटोला स्टेजवर धावले, त्या मुलींचे खांदे धरून फोटो. मला फार वाईट वाटलं, कारण नाचणाऱ्या मुली मनापासून नाचत होत्या आणि बघणाऱ्यांना त्याचं काही नव्हतं.

माझं मत विचाराल तर बुफेचे पैसे कमी करून घ्या आणि लहान थिएटरमध्ये जा, जिथे जेवण टेबलावर आणून देतात. पैसे जास्त पडतात पण कोणी उठत नाही, शांतता असते. शिवाय शाकाहारी ताट आधी कळवलं की वेगळं करून देतात, म्हणजे तुमच्या आई-बाबांचा प्रश्नच मिटला.

तालमाला

सांजवात, तुझी लेक भरतनाट्यम शिकते म्हणून मुद्दाम लॉगिन करून लिहितेय. मी स्वतः कथक करते आणि हा नाच माझ्या फार जवळचा आहे. हॉल कुठला याच्या आधी काय बघायचं ते तिला सांगून ठेव, नाहीतर पहिल्या दहा मिनिटांत तिला वाटेल हे किती हळू आहे.

आपल्याकडे पाय आपटून ताल दाखवतात, इथे पावलाचा आवाजच नाही. सगळं हातात आणि तोलात. बोटं मागे इतकी वळतात की मनगटाला टेकतील असं वाटतं, त्यासाठी सहा-सात वर्षांच्या मुलींची बोटं रोज मागे दाबून दाबून तयार करतात. पायाची बोटंसुद्धा वर वळलेली, जमिनीला टेकत नाहीत. हातांच्या मुद्रा झाडाच्या वाढीवरून येतात, कोंब, पान, फूल, फळ, आणि एकातून दुसरी इतक्या सावकाश निघते की कुठे बदलली ते कळत नाही. तिला म्हणावं एकच नर्तकी निवड आणि फक्त तिचा डावा हात बघत बस. एका क्षणी ती एका पायावर उभी राहून दुसरा पाय गुडघ्यात वाकवून मागे उचलते, तळवा आभाळाकडे, आणि तशीच थांबते. चेहऱ्यावर जराही ताण नाही. अरमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धं बसून, ज्या मुलीच्या मांड्या भरून आल्यात तिला ते काय आहे हे बरोबर कळेल.

प्रोग्राम साधारण असा असतो, आधी आशीर्वादाचा नाच, त्यात मुली सोनेरी पात्रांतून फुलांच्या पाकळ्या उधळतात. मग एक-दोन लोकनृत्यं, मासेमारीचं असतं, पोरं-पोरी टोपल्या घेऊन एकमेकांची मस्करी करतात, करवंट्या वाजवत नाचायचं असतं, त्यात लहान मुलं खूश होतात. मग रिआमकेरमधला एखादा प्रसंग, म्हणजे त्यांचं रामायण. बहुतेक वेळा हनुमान आणि सोनेरी मत्स्यकन्या सोवन माचा. ती रावणाची मुलगी, सेतूचे दगड मासे पाठवून पळवते आणि हनुमान तिला पकडायला जातो आणि प्रेमातच पडतो. आपला हनुमान ब्रह्मचारी, त्यामुळे आई-बाबांना आधीच सांगून ठेव, पण मकरध्वजाची गोष्ट आपल्याकडेही आहेच की. कधी मेखलाचा नाच असतो, ती हातातला स्फटिकाचा गोळा चमकवते ती वीज आणि राक्षस कुऱ्हाड फेकतो तो गडगडाट. आणि शेवटी अप्सरा. मधली पांढऱ्या पोशाखात, ती मेरा, म्हणजे मुख्य अप्सरा, बाकीच्या रंगीत. देवळाच्या भिंतीवरच्या मूर्ती जिवंत होऊन बागेत नाचतात आणि परत भिंतीत जातात अशी कल्पना.

आता रानवाटा यांच्या मुद्द्यावर. ते म्हणतात ते खरं आहे, मीही असे हॉल बघितलेत. पण तरी मी जा असंच म्हणेन. १९७५ ते ७९ या ख्मेर रूजच्या, म्हणजे पोल पोटच्या क्रूर कम्युनिस्ट राजवटीच्या काळात राजवाड्यातला नाच म्हणजे मारून टाकण्याचं कारण होतं. दहातले नऊ कलाकार गेले असं तिथे सांगतात. हे नृत्य ग्रंथात नव्हतंच, शिकवणाऱ्यांच्या अंगात होतं, गुरू गेला की नाच गेला. जे वाचले त्यांनी आठवून आठवून परत उभं केलं. चिया सामी म्हणून राजवाड्यातल्या जुन्या नर्तकी होत्या, नात्याने त्या पोल पोटच्या वहिनी, त्यांनी राजधानी नॉमपेनला मुलींना परत पहिल्यापासून शिकवायला घेतलं. २००३ मध्ये युनेस्कोने या दरबारी नृत्याला, रॉयल बॅलेला, वारसा म्हणून मान दिला, २००८ मध्ये यादीत घातलं. आज एवढ्या मुली हे शिकतायत कारण रात्री त्यांना कुठेतरी स्टेज आणि पगार मिळतो, आणि तो बऱ्याच जणींना या बुफेच्या हॉलमध्येच मिळतो. लोक गोंगाट करतात ही लोकांची चूक आहे. आपण ताट संपवून, हात धुऊन, स्टेजकडे तोंड करून बसावं, तेवढं तर आपल्या हातात आहे.

रानवाटा

तालमाला, हे वाचून खरंच विचारात पडलो. तरी मी पुढच्या टेबलाशिवाय जाऊ नका हेच म्हणेन, आणि लाइव्ह वादक आहेत का ते विचाराच. वादक असतील तर माझा विरोध नाही.

सांजवात

किती छान माहिती दिलीत सगळ्यांनी, लेकीला मोठ्याने वाचून दाखवलं, ती आत्तापासून बोटं मागे दाबत बसलीये. ठेवतोय आम्ही, टूरवाल्याला पुढच्या टेबलाचं आणि वादकांचं विचारलंय. आता एकच, शो आधी बघावा की अंगकोर वाट आधी? टूरवाल्याने पहिल्याच संध्याकाळी शो टाकलाय. आणि हा नाच किती जुना आहे? बाबा विचारतायत की देवळांच्या काळापासून असाच चालत आलाय का.

मेकाँगकाठ

मी नॉमपेनला नोकरीनिमित्त राहतो, पाहुणे आले की सिएम रीपची वारी ठरलेली. शो पहिल्या संध्याकाळी नको, देवळं बघून झाल्यावर ठेवा. अंगकोर वाट १२व्या शतकातलं, दुसऱ्या सूर्यवर्मन राजाचं विष्णूमंदिर, तिथे पूर्वेच्या ओवरीत समुद्रमंथनाचा पट आहे, ४९ मीटर लांब. एका बाजूला ९२ असुर, दुसऱ्या बाजूला ८८ देव, मध्ये विष्णू, आणि वरच्या अंगाला फेसातून निघालेल्या अप्सरा उडतायत. बाबांना तिथे भरपूर वेळ द्या. मग जयवर्मन सातवा याच्या प्रिआ खान देवळात जा, तिथे नर्तकींचं दालन आहे, दारांच्या वर ओळीने अप्सरा कोरल्यात, गुडघे बाहेर काढून, एक टाच उचलून. लेकीला तिथे ती पोज करून बघू दे, रात्री स्टेजवर तेच दिसलं की ती ओरडेल.

बाबांच्या प्रश्नाचं उत्तर असं की नाचाची परंपरा जुनी आहेच, ता प्रोम देवळाच्या ११८६ च्या शिलालेखात त्या एका देवळाशी जोडलेल्या ६१५ नर्तकींचा उल्लेख आहे. पण आज जो अप्सरा नाच म्हणून बघतो तो विसाव्या शतकाच्या मध्यात कंबोडियाच्या राणी कोसमाक यांनी अंगकोरच्या कोरीवकामावरून बसवून घेतला, आणि त्यांची नात राजकन्या बोप्पा देवी पहिल्या प्रमुख अप्सरा. मुकुट बघा, अंगकोर वाटच्या भिंतीवरच्या देवतांच्या डोक्यावरच्यासारखाच तीन टोकांचा. म्हणजे हालचाली दरबारातून जपत आलेल्या आणि रूप दगडावरून घेतलेलं. यात मला काही कमी वाटत नाही, उलट एका राणीने आजोळचा दागिना नातीला घडवून द्यावा तसं ते आहे.

वादकांबद्दल, त्या ताफ्याला पिनपिआत म्हणतात. नावेच्या आकाराचं पट्ट्यांचं वाद्य रोनिआत, गोल मांडलेल्या घंटांच्या मधोमध बसलेला वाजवणारा, सनईसारखं स्रालाय, आणि दोन्ही तोंडं हाताने वाजवायचा छोटा ढोल सांफो. सगळे सांफोवाल्याच्या इशाऱ्यावर चालतात आणि त्या ढोलाला वाजवण्याआधी उदबत्ती लावतात, घरात कोणी पखवाज-तबलावाले असतील तर त्यांना फार आवडेल.

आता कामाच्या गोष्टी. देवळांचा पास एका दिवसाचा ३७ डॉलर, तीन दिवसांचा ६२, तीन दिवसांचा पास दहा दिवसांत कधीही वापरता येतो म्हणून आई-बाबांना मध्ये आराम देता येईल. १२ वर्षांखालच्या मुलांना पास लागत नाही पण पासपोर्ट जवळ ठेवा, बघतात. मात्र अंगकोर वाटच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर, बाकानवर, १२ खालच्यांना सोडत नाहीत आणि जिना भयंकर उभा आहे, त्यामुळे लेक आणि आजी-आजोबा खालीच थांबतील असं आधीच ठरवा म्हणजे तिथे रडारड नको. खांदे आणि गुडघे झाकलेले कपडे घाला. डॉलरच्या नोटा कोऱ्या न्या, जरा फाटलेली असली तरी घेत नाहीत. नवीन विमानतळ २०२३ पासून गावापासून बराच लांब आहे, पोचायच्या दिवशी संध्याकाळी शो असेल तर धावपळच होणार, हे टूरवाल्याला ठणकावून सांगा.

शो झाल्यावर फोटोला स्टेजवर बोलावतात, जरूर जा, पण त्यांना हात लावू नका, शेजारी उभं राहून हात जोडा, त्यांच्याकडेही नमस्कारच करतात. पोशाख अंगावरच शिवून बसवलेला असतो, तो निघेपर्यंत त्या बिचाऱ्या तशाच असतात. टिप द्यायची तर स्टेजजवळ पेटी ठेवलेली असेल तर त्यात टाका.

कोकणकडा

नोटांचं एकदम बरोबर, आमची एक नोट कोपरा दुमडलेला म्हणून परत केली होती. सांजवात, मेखलाचा नाच त्या दिवशी आहे का ते पण विचारून ठेवा, रोज प्रोग्राम थोडा बदलतो.

सांजवात

टूरवाल्याचा फोन आला, शो तिसऱ्या संध्याकाळी नेला, टेबल दुसऱ्या रांगेत, वादक लाइव्ह आहेत म्हणतोय. आईने मेतकूट करायला घेतलं. तालमाला, लेक विचारतेय की पाय मागे उचलून किती वेळ उभं राहतात, तिला घरी प्रॅक्टिस करायचीये.

तालमाला

तिला म्हणावं आधी भिंतीला हात लावून सोळा मात्रा मोज, दोन्ही पायांवर सारख्या. आणि उभ्या पायाचा गुडघा वाकलेलाच ठेव, सरळ केलास तर तोल जाईल. मानेला अजिबात झटका नको.