पालच्या खंडोबाची कथा पटांगणात वग (तमाशातलं कथानाट्य) म्हणून कशी बसवावी?

तारळीकाठ: पौषात, पालच्या यात्रेच्या आसपास, खंडोबा आणि मणी-मल्ल दैत्यांच्या लढाईची कथा करायची आहे. वेळ 75 मिनिटं, पात्रं 11, साथीला ढोलकी, हलगी, तुणतुणं. लढाईच निम्मा वेळ खातेय. काय कापू? आणि भंडारा उधळायचा का?

झीलकरी: लढाई दाखवूच नका. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदा ते चंपाषष्ठी हे सहा दिवस हलगीवर चार मिनिटांत सांगून मोकळे व्हा. वजन मणीच्या शरणागतीला द्या. तो आपला पांढरा घोडा देवाला देतो, तिथं सगळी वाद्यं बंद.

वेळेची वाटणी: गण (गणपतीचं स्तवन) 5 मिनिटं, गौळण (कान्हा गवळणींची वाट अडवतो तो भाग) 15, बतावणी (विनोदी संवाद) 10, वग 45. गौळणीत कान्हाच हवा असं नाही (जुनी मंडळी नाकं मुरडतील, मुरडू देत). पालच्या आख्यायिकेतली पालाई मुळातच गवळण. डोक्यावर घागर, मागं मावशी (गौळणीतलं विनोदी पात्र), बाजाराची वाट, सगळं जमतं. फक्त वाट अडवणारा खंडोबा. बतावणीत सोंगाड्याला खंडोबाचा हेगडी प्रधान करा आणि म्हाळसा-बाणाईचं भांडण त्याच्या गळ्यात घाला. ते दहा मिनिटांपुढं नेलंत तर हसरं पब्लिक पुन्हा गंभीर होत नाही.

हलगीवाला: रात्री दहिवर पडतं, हलगीचं कातडं सैल होतं न् आवाज बद येतो. मागं शेकोटी ठेवा, गौळण चालू असताना लांबूनच शेकून घ्या. ढोलकी मात्र शेकू नका, शाई (कातड्यावरचा काळा लेप) तडकते. ती फडक्यात गुंडाळा.

माईक तीन पुरे: दोन पुढच्या कोपऱ्यांत, एक शाहीर आणि झीलकऱ्यांत (मागं सूर धरणाऱ्यांत). हलगीला नको. कर्णे माईकच्या पुढं लावा, मागं लावले की शिट्टी मारतात. वाऱ्याची घरघर फोमच्या टोपीनं कमी होते.

भंडारा अगदी शेवटी. आधी उधळलात तर पूड घशात जाऊन गाणारे खोकत बसतात. पेटती दिवटी त्याआधी लांब न्या, उडती पूड भडकते. खाली ताडपत्री नको, दहिवर आणि हळद मिळून पाय घसरतो. जाजम घाला.

परवानगी_बघा: संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडं वेळेत पाठवा. कर्णे रात्री 10 ला बंद, म्हणून गण 8 लाच.

तारळीकाठ: गावात पांढरी घोडी आहे, तीच आणावी का?

हलगीवाला: नको. तीन बाजूंना माणसं, त्यात हलगी कडाडली की बिथरते. कमरेला बांधायचा कापडी घोडा करा, बांबूच्या कामट्यांचा.