ईडेलला आई-बाबांना घेऊन जायचंय: शेतातून चाललेलं चालतं का?

आई-बाबा ऑगस्टमध्ये मँचेस्टरला येतायत. बाबांनी जन्मभर शेती केली. त्यांना शहर नको, इथली शेतं आणि गुरं बघायचीत. छान ऊन पडलं की पीक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ भागातल्या ईडेल गावी न्यायचा विचार आहे. पण नकाशातली पायवाट सरळ कुणाच्या तरी शेतातून जाते. मालकाने हटकलं तर? आणि वरचा मूर, म्हणजे उघडा डोंगरमाळ, त्यांना झेपेल?

प्रतिसाद १
खुशाल जा, ताई. 'पब्लिक फूटपाथ' म्हणजे कायद्याने मिळालेली वहिवाट, मालकाला अडवता येत नाही. खांबावर पिवळा बाण दिसला की वाट पायी चालणाऱ्यांची. फाटक जसं असेल तसंच ठेवायचं, आणि गाय-वासराच्या मधून जायचं नाही. हे बाबाच तुम्हाला सांगतील!

स्टेशनवरून गावात या आणि 'पेनाइन वे' या लांब पल्ल्याच्या पायवाटेने अपर बूथ वस्तीला जा. घाई करू नका, बाबांना हाच टप्पा आवडणार. दगडी गडगे नीट बघू द्या त्यांना: चुना नाही, माती नाही. दोन बाजूंनी दगड रचायचे, पोटात बारीक चिपा भरायच्या आणि मध्येमध्ये आरपार लांब दगड घालून दोन्ही बाजू बांधून घ्यायच्या.

पुढे ओढ्यावर जुना दगडी पूल लागतो. तिथून जेकब्स लॅडरची खडी चढण सुरू होते. गुडघे कुरकुरत असतील तर पुलाजवळ बसून डबा खा आणि परत फिरा, दिवस सार्थकी लागला समजा. वर गेलात तर टोपी आणि भरपूर पाणी हवंच, मूरवर सावलीला झाड नाही. ऑगस्टमध्ये हेदरची झुडपं फुललेली असतात, सगळा माळ जांभळा.

प्रतिसाद २
बाबांना हेही सांगा: जेकब्स लॅडरच्या वरचा हा किंडरचा माळ एकेकाळी ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखलेला होता, सामान्यांना बंदी. २४ एप्रिल १९३२ ला शेकडो तरुण कामगार हेफील्ड गावाकडून बंदी मोडून वर चढले. पाच जणांना तुरुंगवास झाला. मूरवर वाट सोडूनही हिंडायचा हक्क कायद्यात आला तो २००० साली. मला तिथे चालताना त्या पोरांची आठवण येतेच.

प्रतिसाद ३
नेचाच्या झुडपांतून गेलात तर घरी आल्यावर पाय तपासा, गोचिडी असतात.

प्रश्नकर्ती
मनापासून आभार! बाबांना फोनवर गडग्यांचं सांगितलं, तर लगेच विचारतात, दगड कुठला?

प्रतिसाद १
ग्रिटस्टोन, काळपट भरड वालुकाश्म. जवळच्या कासलटन गावाच्या दक्षिणेला चुनखडक लागतो, तिथले गडगे पांढरे. वेळ असेल तर दोन्ही दाखवा.