हार्डवेअरच्या दुकानाची मोजदाद कुठून सुरू करू?

बारा_बाय_तीस:
कराडजवळ आमचं हार्डवेअरचं दुकान आहे. वडिलांनी १९९१ साली टाकलं. गेल्या पावसाळ्यापासून ते घरीच असतात आणि गल्ल्यावर मी. कुठला माल कुठे आहे हे सगळं त्यांच्या डोक्यात. मला बिलिंग आणि स्टॉक कॉम्प्युटरवर आणायचाय. सॉफ्टवेअर घेऊन आठ महिने झाले, वर्षाचे पैसे भरलेत, आत एक आयटम नाही. दोनदा दुकान बंद ठेवून मोजायला बसलो. दुसऱ्या वेळी दुपारी तीनपर्यंत नुसते स्क्रूचे खण झाले, तेवढ्यात एक प्लंबर शटर वाजवत आला, त्याच्या नादात लिहिलेला कागद कुठे गेला देव जाणे. तीनेक हजार आयटम असतील. हाताखाली एकच मुलगा. सॉफ्टवेअर उघडलं की पोटात गोळा येतो. कुणी यातून गेलंय का?

खिळेमोळे:
गेलोय. पहिली गोष्ट, दुकान बंद करून मोजू नका. रोज शटर उघडायच्या आधी पाऊण तास, एकच रॅक. एकाने मोजायचं, दुसऱ्याने लिहायचं, आणि झालं की रॅकला तारखेची चिठ्ठी चिकटवायची. सुरुवात स्क्रूपासून केलीत तिथेच फसलात. आयटम कमी आणि पैसा जास्त असलेला रॅक आधी घ्या: मोटर-पंप, रंगाचे डबे, सिमेंट. सिमेंट मोजताना गोणीवर छापलेला आठवडा-वर्ष बघा, तीन महिन्यांवरची वेगळी काढा. आमचं तेवढं चार दिवसांत झालं आणि जीव भांड्यात पडला.

स्क्रू सगळ्यात शेवटी, तेही मोजायचे नाहीत. शंभर नग वजन करा, मग अख्खा डबा वजन करा. पाच-दहा इकडेतिकडे झाले तर होऊ द्या.

पावतीपुस्तक:
रॅकचं ठीक आहे, पण मी उलट केलं होतं. मोजदाद बाजूला ठेवून आधी बिलिंग सुरू केलं. गिऱ्हाईक जे घेईल तो आयटम तिथल्या तिथे सॉफ्टवेअरमध्ये घालायचा. स्टॉक शून्याच्या खाली जातो, लाल आकडे दिसतात, जाऊ दे. ज्या दिवशी तो रॅक मोजाल त्या दिवशी खरा आकडा टाका. दोन महिन्यांत रोजचा खपणारा बहुतेक माल आत आला. जो आला नाही तो खपतच नाही, हेही त्यातूनच कळलं. पहिला आठवडा मात्र गिऱ्हाईक काउंटरवर खोळंबतं, तोंडाने गोड राहा.

हिशेबताई:
हार्डवेअरवाल्यांची खाती लिहिते, म्हणून एक सांगते. तुमचं खरं घोडं नावात पेंड खाणार आहे. वडील म्हणणार ‘छोटी तोटी’, मुलगा लिहिणार ‘बिबकॉक’, बिलावर असणार तिसरंच. एकच माल तीन नावांनी चढला की मोजदाद वाया. आधी अर्धा तास बसून क्रम ठरवा: वस्तू, माप, कंपनी. ‘बिबकॉक अर्धा इंची’ आणि पुढे कंपनी. सगळीकडे तसंच, आणि काउंटरमागे लिहून लावा. आयटम घालतानाच एचएसएन, म्हणजे जीएसटीसाठी त्या मालाचा ठरलेला कोड, टाका: स्क्रू-नटबोल्ट ७३१८, तोट्या ८४८१, सिमेंट २५२३. उलाढाल ५ कोटींपर्यंत असेल तर चार आकडी पुरतो. जीएसटीचा दरही तपासा. सिमेंट २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आलंय, जुन्या बिलावरून टाकाल तर चुकेल.

आणि गंजलेला, वाळलेला माल सापडला की लगेच फेकू नका. पुस्तकातून निर्लेखित केलात, म्हणजे बाद दाखवलात, तर त्यावर घेतलेलं जीएसटीचं क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) परत करावं लागतं. कमी भावात रीतसर बिल करून विकलात तर तो प्रश्न येत नाही. विकण्यासारखाच नसेल तर यादी करून तुमच्या सीएंना दाखवा. ३१ मार्चचा शिल्लक माल खरेदी किंमत किंवा आज पदरात पडेल ती, यातल्या कमी रकमेने धरतात, तेव्हा ही यादी तशीही लागणारच.

वाशिष्ठीकाठ:
चिपळूणहून लिहितोय. २२ जुलै २०२१ ला दुकानात पाणी शिरलं, वह्यांचा लगदा झाला. विमा होता. सर्व्हेअरने पहिला प्रश्न विचारला: आत किती माल होता? जीएसटी पोर्टलवर पुरवठादारांची बिलं दिसत होती, पण तिथे नुसती रक्कम, आत काय होतं ते नाही. एकेका पुरवठादाराला फोन करून बिलांच्या प्रती मागवल्या. तरी दाव्यात कापाकापी झालीच. मोजलेल्या प्रत्येक रॅकचा मोबाइलवर फोटो काढा आणि दुकानाबाहेर कुठेतरी ठेवा. मोजदाद अर्धवट राहिली तरी फोटो राहतात.

बारा_बाय_तीस:
सगळ्यांचे आभार. नऊ दिवस झाले. पंप, रंग, सिमेंट झालं. सिमेंटच्या सहा गोण्या दगड निघाल्या. हिशेबताई, ‘छोटी तोटी’ अगदी बरोबर ओळखलंत, आमच्याकडे तिची चार नावं निघाली.

काल तोट्यांचा रॅक घेतला. बाबांना व्हिडिओ कॉल लावून मोबाइल खणापुढे धरला. म्हणाले, ‘त्याच्या मागे अजून एक पेटी असेल बघ.’ हात घातला तर होती. जुन्या पितळी तोट्या, बावीस नग, कागदात गुंडाळलेल्या, कागद पिवळा पडलेला. बिल मिळणं शक्य नाही. बाबा म्हणतात नगाला साठ-सत्तर रुपयांना घेतल्या असतील. काय भाव धरू?

खिळेमोळे:
बाबा म्हणतात तोच धरा आणि सीएंना सांगून ठेवा. पण त्या आत्ता कुणाला विकू नका. तसलं जड पितळ हल्ली मिळत नाही, सहा नग मला हवेत.